मैना अर्धीच का गाता?

१ मे जवळ आला की लोककलेच्या कार्यक्रमांना ऊत येतो आणि त्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ हमखास असतं. ढोलकी कडाडते, मैनेच्या रूपाचं वर्णन होतं, शिट्ट्या पडतात आणि गाणं तिथंच आटोपतं. माझं डोकं फिरतं. अहो, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णाभाऊ साठेंची छक्कड (शाहिरी गाण्याचा एक प्रकार) आहे ती! तुम्ही थांबता तिथून तर तिची खरी धार लागते.

एक गडी पोटासाठी मुंबईला आलाय, बायको गावी राहिलीय. तिचा बांधा, तिचा गव्हाळ रंग, तिचं हसून बोलणं, सगळं आठवून जीव कासावीस होतोय. निघताना तिची समजूत काढली, दागिन्यांची आशा दाखवली, पण तिची कळी काही खुलली नाही. मग मुंबई येते. इथल्या बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. आणि तिथंच गाणं वळतं: आमची झाली तशीच ताटातूट या खंडित महाराष्ट्राची झालीय. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा. ठेका तोच, चाल तीच, पण आतापर्यंत मैनेसाठी हळहळणारा माणूस सीमाप्रश्नावर मूठ आवळून बसलेला असतो. भाषावार प्रांतरचनेवर तासभर भाषण ठोकून जे साधणार नाही ते अण्णाभाऊ नवरा-बायकोच्या विरहातून साधतात. ते स्वतः पोरवयात घरच्यांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला आलेले; ताटातूट त्यांना कल्पनेनं रंगवायची गरज नव्हती.

हे गाणं बेळगावात ऐका. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून लोंबकळतोय. तिथल्या मराठी माणसाला हे गाणं जुनं वाटणार कसं? बरं, सीमाप्रश्न ठेवू बाजूला. गावात बायको-पोरं ठेवून पुण्यामुंबईत एका खोलीत सहा-सात जणांत राहणारे, व्हिडिओ कॉलवर लेकराचं तोंड बघणारे आजही आहेतच की.

एक गोष्ट मात्र आपण मराठीवाले सोयीनं विसरतो. गोव्यानं १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला. त्या प्रचारात उल्हास बुयांवसारखे गायक कोकणी गाणी गात गावोगाव फिरले. म्हणजे आपल्या गाण्यातल्या स्वप्नाला तिकडच्या लोकांनी गाण्यानंच उत्तर दिलं. मला हे आवडतं. त्यानं अण्णाभाऊ लहान होत नाहीत.

माझं दुसरं लाडकं गाणं आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांचं. ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो? सांगा धनाचा साठा न् आमचा वाटा कुठाय हो?’ सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, लिहा-वाचायला शिकला तोच मोठेपणी, आणि यमक बघा! बाटा, टाटा, साठा, वाटा. बिर्ला, बाटा, टाटा ही नावं ऐकून लोक हसतात आणि ‘वाटा’ आला की हसू आवरतं. आंबेडकर जयंतीच्या रात्री वस्तीत हे गाणं लागलं की दहा वर्षांचं पोरगंही ‘कुठाय हो’ ला साथ देतं. आजच्या गडगंज मंडळींची नावं त्या यमकात बसत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

सुरेश भटांच्या ‘उषःकाल होता होता’ बद्दल थोडक्यात. ‘सिंहासन’ चित्रपटात (१९७९) आलं, हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा आवाज. गाणं म्हणून तोड नाही. पण ते कुणालाही वापरता येतं. विरोधात असताना प्रत्येक पक्ष ते लावतो आणि सत्तेत गेला की मशाली माळ्यावर टाकतो. वामनदादांचं गाणं असं कुठल्या पक्षाला लावायला सांगून बघा. नावानिशी विचारलेला प्रश्न कुणालाच परवडत नाही, म्हणून मला ते जास्त जवळचं.

बंदी घातली तर गाणं उलट चार तोंडांनी जास्त गायलं जातं. गाणं मरतं ते असं निम्मं कापून, टाळ्यांपुरतं गाण्यानं. तेव्हा १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना विनंती: मैना पूर्ण गाऊन घ्या. पाच मिनिटं जास्त लागतील. वेळ कमी पडत असेल तर पाहुण्यांचे सत्कार कमी करा, शालीचा खर्चही वाचेल. आणि शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजातलं काही जुनं ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये टाका.