अनामिक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक,

सदाफुली आणि जिवाणूच्या पेशींच्या संकरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘वनस्पतीत जिवाणू घुसवला म्हणजे संकर झाला, ही शुद्ध थाप. काका, फेकणं थांबवा.’ मुद्द्याचं नंतर बघू. मी तुमचा काका नाही. आणि स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याला थापाड्या म्हणायचं, हे आमच्या वेळी शोभत नसे.

एक चूक मान्य. कार्लसन आणि मंडळींनी १९७२ साली तंबाखूच्या दोन रानटी जातींचा संकर केला तो सोडियम नायट्रेटने. मी पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, भित्तिका उतरवलेल्या पेशी एकमेकींत मिसळवायला वापरतात ते रसायन) लिहिलं होतं. पीईजी १९७४ पासूनचं. दुरुस्ती केली आहे.

आता थाप. १९८१ मध्ये हासेझावा, नागाता आणि श्योनो या जपानी संशोधकांनी सदाफुलीच्या पेशींच्या भित्तिका एन्झाइमने उतरवल्या, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूच्याही उतरवल्या आणि दोन्ही पीईजीत एकत्र केले. पुढे त्यातल्या काही पेशी बाहेरून संप्रेरकं न देता वाढू लागल्या; एरवी प्रयोगशाळेत अशा पेशींना ती द्यावी लागतात. जिवाणूचा डीएनए आत गेला नसता तर हे झालं कसं? तुम्ही म्हणाल, गेला तो टी-डीएनए, म्हणजे हा जिवाणू वनस्पतीच्या पेशीत घालतो तेवढा डीएनएचा तुकडा, अख्खा जिवाणू काही वनस्पतीत नांदला नाही. अहो, मग मी वेगळं काय म्हटलं? शीर्षकात ‘संकर’ आहे, कबूल. पण शीर्षक ते शीर्षक.

मी नऊ वर्षं ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. तंबाखूच्या पानाची खालची साल चिमट्याने सोलायची, पान रात्रभर एन्झाइममध्ये ठेवायचं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली भिजल्या साबुदाण्यासारख्या गोल, हिरव्या पेशी. मॅनिटॉल (द्रावणात पेशी फुगू नयेत म्हणून घालतात तो साखरेसारखा पदार्थ) कमी पडलं की फटाफट फुटायच्या. पीईजी घातलं की आक्रसून एकमेकींना चिकटायच्या, आणि धुताना घाई केली की आठवड्याची मेहनत मोरीत. हे ज्याने केलंय त्याला ‘फेकणं’ म्हणजे काय ते तुम्ही शिकवू नये.

पोमॅटो शेतात का नाही, हेही विचारलंत. मेल्शर्स यांचं १९७८ चं ते बटाटा-टोमॅटोचं झाड वांझ निघालं, लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असतात तर दिसलं असतं. माझी भाषा ‘पाठ्यपुस्तकी’ वगैरे म्हणालात, त्यावर वेळ घालवत नाही.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा, उत्तर मिळेल. शीर्षक मात्र बदलणार नाही.