चेनकव्हर काढा म्हणणारा मेसेज: वाचा, पण पान्याला हात लावू नका

"गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत" अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो मामींनी पाठवला आणि खाली विचारलं, "ह्यांनी रविवारी काढायचं ठरवलंय, काढू दे का?" मामी रोज कोरेगावहून साताऱ्याला मामांच्या मागे बसून येतात, साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून. त्यामुळे पुढच्या मजकुरात कुठे आवाज चढलेला दिसला तर समजून घ्या.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. चेनकव्हर आणि साडीगार्ड म्हणजे गाडीची किंमत वाढवायला लावलेलं भंगार, कायद्यात त्याचा उल्लेखच नाही. कव्हरात चेन तापते, पाणी साचतं. ते काढलं की मायलेज लिटरला दहा किलोमीटरनं वाढतं. मग दर रविवारी गाडी डबल स्टँडवर घ्यायची, चालू करायची, पहिल्या गिअरला टाकायची आणि फिरत्या चेनला फडकं लावून ती पुसायची. ऑईल उडत असेल तर पाच लिटरच्या कॅनची पट्टी कापून वर तारेनं बांधायची. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर काळजीच करू नये, कारण बेल्ट रबराचा असतो, बोट गेलं तरी काही होत नाही.

आधी त्या रविवारच्या कार्यक्रमाचं बघू. बाकीचं बहुतेक चुकीचं आहे, हे मात्र हात तोडणारं आहे.

शंभर सीसीच्या साध्या गाडीत पहिल्या गिअरला चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे साधारण ३५ फेरे होतात. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेत असेल तर चाक मिनिटाला ४० फेरे घेतं. बघायला अगदी संथ वाटतं, आणि फसगत तिथेच होते. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीला, ४२ दात धरा. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिमीची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ५३३ मिमी चेन सरकते. हिशोब केला तर सेकंदाला ३५ सेंटिमीटर. फडकं धरलेला हात स्प्रॉकेटपासून दहा सेंटिमीटरवर असेल आणि फडक्याचा एक धागा कडीत अडकला, तर बोटं दातापर्यंत पोचायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. "अरे" म्हणून हात मागे घ्यायलाही माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यातून फडकं बोटाला गुंडाळलेलं असलं की हात सोडवताच येत नाही. आणि पहिल्या गिअरची ताकद अशी असते की मध्ये हाड आलं म्हणून इंजिन बंद पडेल, ही आशा सोडा.

चेन कुठे ओढून घेते हे एकदा समजून घेतलं की गार्ड कसला हवा हेही आपोआप कळतं. गाडी पुढे चालताना चेनची वरची बाजू पुढे, इंजिनाकडे जाते आणि खालची बाजू मागे जाते. चेन जिथे दातांवर चढते तिथे ती ओढून घेते. अशा जागा दोनच: पुढच्या स्प्रॉकेटची वरची बाजू आणि मागच्या स्प्रॉकेटची खालची बाजू. पुढची जागा इंजिनाच्या कव्हरात झाकलेली असते. मागची खालची जागा मात्र चेनकव्हर काढलं की सताड उघडी. रेसच्या मोटारसायकलींना बरोबर तिथेच, खालून, माशाच्या परासारखा गार्ड सक्तीचा असतो. तिथे साडी नेसून कोणी बसत नाही, तरीही.

म्हणून चेन पुसायची पद्धत अशी. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रलला. एका हातानं चाक उलटं, म्हणजे मागच्या दिशेनं फिरवायचं आणि दुसऱ्या हातातल्या ब्रशनं खालच्या बाजूची चेन साफ करायची. चाक उलटं फिरलं की खालची चेन स्प्रॉकेटवरून सुटत येते, त्यामुळे हात दातांपासून लांब जातो. फडक्यापेक्षा ब्रश बरा. रॉकेलनं धुवून, कोरडी करून नव्वद नंबरचं गिअर ऑईल कड्यांच्या आतल्या बाजूनं सोडा, दहा मिनिटं मुरू द्या, वरचं पुसून टाका. काम झालं.

आता कायदा. "कुठेच उल्लेख नाही" म्हणणाऱ्यानं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडून नियम १२३ वाचावा. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला तीन गोष्टी हव्यातच असं तो सांगतो: धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण. साडीगार्ड म्हणतात ते हेच. नियमात "चेनकव्हर" हा शब्द नाही, हे मान्य. मेसेज लिहिणाऱ्याला तेवढ्यावर टाळ्या हव्या असतील तर घ्याव्यात. पण कपडे अडकू नयेत हे कारण नियमातच लिहिलंय, आणि चाकाइतकाच कपडा खाणारा दुसरा भाग त्या चाकालाच बोल्टनं जोडलेला आहे.

किती वेगानं खातो? पावणेतीन इंची टायरच्या अठरा इंची चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर. ताशी ४० किलोमीटरला चेन सेकंदाला तीन मीटरच्या वेगानं पळते. ओढणी अडीच मीटरची. पुढचं सांगायची गरज नाही. बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे असते आणि बायका बसतात त्याही डावीकडेच पाय सोडून, म्हणजे निऱ्यांचा घोळ बरोबर त्या खालच्या जागेजवळ लोंबतो. कपड्याचंच कशाला? कॅरिअरला आडवं बांधलेलं उसाचं वाढं, कडब्याची पेंढी, पोत्याचा सुटलेला सुतळीचा तुकडा, सगळं तिथूनच आत जातं. ताण आला की चाक जाम होतं आणि गाडी मागून आडवी होते.

साडीगार्डबद्दल एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यानं लिहायला हवी होती, ती त्याला सुचली नाही. नुसत्या दोन-तीन लांब सळयांचा गार्ड नावालाच गार्ड असतो. मधल्या फटीतून पदर सहज आत जातो. सळयांच्या गार्डला आतून जाळी किंवा प्लास्टिकची प्लेट लावून घ्या. जाळीचं भोक ६ मिमीच्या आत आणि फिरत्या भागापासून किमान २० मिमी लांब असावं, म्हणजे मागे बसलेल्या पोराचं बोट घुसलं तरी दातापर्यंत पोचत नाही.

मायलेजचा मुद्दा दोन ओळींत संपतो. साफ, नीट ओढलेल्या चेनमध्ये ताकद वाया जाते ती फार तर पाच टक्के. साठचं मायलेज देणाऱ्या गाडीत हा सगळा तोटा जादूनं शून्य झाला तरी त्रेसष्ट मिळेल, सत्तर नाही. आणि कव्हर तर चेनला शिवतही नाही, त्याचं वजन किलोच्या आसपास. मग लोकांना फरक का जाणवतो? कव्हर काढलं की वर्षभर न बघितलेली चेन दिसते, मग ती धुतली जाते, ऑईल पडतं, कोणीतरी गच्च ओढून ठेवलेली असेल तर सैल केली जाते. फरक त्याचा आहे. कव्हर परत बसवलं तरी तो राहतो.

चेन तापते म्हणे. शहरात तीस-चाळीसनं चालणारी चेन कोमट होते, बस. ती तापते ऑईल नसलं की, आणि बंद कव्हरात ऑईल जास्त दिवस टिकतं कारण धूळ बसत नाही. उघड्या चेनला दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक भिजण्यानंतर ऑईल द्यावं लागतं. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून किंवा ऊसतोडीच्या दिवसांत शेतवाटेनं महिनाभर उघडी चेन चालवा, कड्यांमधला चिखल पॉलिश पेपरचं काम करतो.

पाणी साचतं हे अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल. कव्हराच्या खालच्या भागात तळाला पाणी जायचं भोक असतं, ते ऑईल आणि मातीच्या लगद्यानं बुजतं. सांगलीत पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कव्हरात तर गाळाचा थरच बसतो. असं झालं की कव्हर उतरवून, धुवून, भोक मोकळं करून परत बसवायचं. आणखी एक खरं: झाकलेली चेन कोणी बघत नाही. त्यासाठी कव्हराला रबरी बूच दिलेलं असतं. ते काढून बोटानं चेन खालीवर करून बघायची (गाडी बंद असताना, हे आता वेगळं सांगायला लागतंय). बहुतेक छोट्या गाड्यांत २० ते ३० मिमी खेळ असावा. त्याहून जास्त असेल तर चेन कव्हराला आपटून खडखडते, आणि लोक दोष कव्हराला देतात.

कॅनच्या पट्टीचं बोलू. कव्हर पडून चेपलं किंवा गंजून गेलं आणि नवीन मिळत नाही, ही अडचण खरी असते. पण पातळ प्लास्टिक पायाच्या धक्क्यानं वाकून चेनवर टेकतं, चेन त्याची कड पकडते आणि पट्टी पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत ओढत नेते. तिथे जागा नसते. चेन वर चढते, चाक जाम होतं, आणि कधी कधी इंजिनाचं केसिंगच फुटतं. बांधलेली तार थरथरीनं तुटते आणि तीही चेनमध्येच जाते. शिवाय नुसती वरची पट्टी ऑईल अडवते, कपडा नाही. खालची जागा उघडीच राहते.

करायचंच असेल तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या बाजूला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल, पण मापं तुम्ही सांगा. पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिमीच्या आसपास. सगळ्या कडा आत ५-६ मिमी दुमडलेल्या, नाहीतर पत्राच साडी आणि पोटरी कापतो. चेनच्या बाजूनं १० मिमी मोकळी जागा, खालून चेन पूर्ण ढिली असताना १५ मिमी. गार्ड बसवायचा तो स्विंगआर्मवर, ज्याला गॅरेजात चिमटा म्हणतात; चेसीवर कधीच नाही. चिमटा खड्ड्यात वरखाली होतो, चेसी होत नाही, आणि मग मध्ये चेन गार्डला कापते.

बहुतेक जण विसरतात ती जागा मागे आहे. चेन झिजते तशी लांबते आणि चाक मागे ओढावं लागतं. ११८ कड्यांची चेन नवीन असताना दीड मीटर; दोन टक्के लांबली की ३० मिमी वाढ, म्हणजे चाक जवळजवळ १५ मिमी मागे. तेव्हा गार्डात एक्सलसाठी (चाकाच्या दांड्यासाठी) खाच तेवढी लांब ठेवा आणि स्प्रॉकेटच्या मागे २५ मिमी तरी जागा सोडा. नव्या चेनवर माप घेऊन केलेला गार्ड सहा महिन्यांत घासायला लागतो तो याच कारणानं. बोल्ट सहा मिमीचे, तीन ठिकाणी, रबरी वायसर आणि नायलॉक नटसह (थरथरीनं सैल न होणारा नट). तळाला ८ मिमीचं भोक. ऑईल बघायला बुचाची जागा ठेवा, नाहीतर तुम्हीच महिनाभरात वैतागून गार्ड काढाल.

आणि तो रबराचा बेल्ट. रबर फक्त वरून असतं, आत कार्बनच्या किंवा बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तसल्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. दातेरी बेल्ट चेनपेक्षा ताणलेला असतो, त्यात ढिलेपणा जवळजवळ नसतो, म्हणून बोट पुलीत (बेल्टच्या दातेरी चाकात) गेलं की सरकून सुटायलाही वाव मिळत नाही. वर गार्डचं तिथे दुसरंही काम आहे: खडा अडवणं. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये हरभऱ्याएवढा खडा आला तरी आतल्या दोऱ्या तुटतात. त्या दिवशी काही दिसत नाही, पुढे कधीतरी चढावर बेल्ट तुटतो. खालचा छोटा खडागार्ड काढून ठेवलेल्या स्कूटरचं असंच होतं. बेल्टला ऑईल मारू नका. ते चेनचं औषध आहे. पेट्रोल स्कूटरचा बेल्ट बंद केसिंगमध्ये असतो, त्याला हा मेसेज लागूच नाही.

मामींना उत्तर गेलंय: काढू देऊ नका. कव्हर खडखडतं ही मामांची तक्रार मात्र बरोबर आहे. मागच्या बाजूचा बोल्ट सैल असेल, दहा नंबरचा पाना लागेल. आधी बूच काढून चेन बघा, मग बोल्ट आवळा.