म्हणे, चॅट पुसा आणि फोन काढून घ्या!

माझ्या थोरल्या बहिणीने तो मेसेज नुसता पुढे ढकलला नाही, चौदा वर्षांच्या लेकाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला. ‘मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवण्याचे ५ रामबाण उपाय’. खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. पोहोचलाय, मला एकटीलाच तीन ठिकाणांहून आला.

उपाय पहिला: मुलांना इन्कॉग्निटो मोडच वापरू द्या, कुणाला माग लागत नाही. अहो, त्या मोडमध्ये फक्त फोनवरची हिस्ट्री राहत नाही. वेबसाइटला आणि नेट पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसायचं ते दिसतंच. दिसेनासं होतं ते आईबापांना.

दुसरा: १३ वर्षं पूर्ण झाली की सोशल मीडिया सुरक्षित, कंपन्यांनी ‘अभ्यास करून’ वय ठरवलंय. कसला अभ्यास? हा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या ‘कोपा’ कायद्यातला. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करू नका, असं तो सांगतो. मुलाला कितपत समज आली, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

तिसरा उपाय, ‘मुलींवर विशेष लक्ष ठेवा, मुलग्यांचं काय बिघडतंय’, हा चौथ्यासोबतच घेते. कारण चौथा वाचून माझं डोकं फिरलं: ‘कुणी फोटोवरून धमकावलं तर ताबडतोब चॅट पुसा, मुलाचा फोन काढून घ्या आणि कुठे वाच्यता करू नका.’

धमकावणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं! हा प्रकार कसा चालतो बघा. मुलीच्या नावाने कुणीतरी ओळख काढतं, स्वतःचा म्हणून एक नग्न फोटो पाठवतं, बदल्यात तसाच एक मागतं. तो हाती पडला की सूर बदलतो. मुलाच्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट येतो, पाठोपाठ पैशांची मागणी. ‘आईला पाठवू का?’ त्याची सगळी ताकद या एका प्रश्नात असते.

अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केलेले आकडे घ्या. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अल्पवयीनांकडे अशी खंडणी मागितल्याच्या १३,००० हून जास्त तक्रारी आल्या. यात अडकलेली मुलं किमान १२,६००, आणि त्यांत मुलगेच जास्त. किमान २० जणांनी जीव दिला. मुलग्यांचं काय बिघडतंय, नाही का?

आणि चॅट पुसली तर हाताशी उरतं काय? समोरच्याचं युजरनेम, पैसे कुठे मागितले, किती वाजता, हे सगळं त्यातच असतं. पैसे द्यायचे नाहीत, उत्तर देणं थांबवायचं, स्क्रीनशॉट काढायचे, अ‍ॅपवर रिपोर्ट करायचं, पोलिसांकडे जायचं. फोटोसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, नावही सांगावं लागत नाही. अठराच्या आत काढलेल्या फोटोचा एक डिजिटल ठसा ती फोनवरच तयार करते. खुद्द फोटो कुठेच जात नाही, ठसा तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या स्वतःच्या अ‍ॅपवरचा तो फोटो हुडकून हटवतात. सगळ्याच कंपन्या त्यात नाहीत, हे खरं. पण रामबाणवाल्यांनी तिचं नावही घेतलेलं नाही.

पाचवा: रात्री फोन मुलांच्या खोलीत नको. बरं बाई, हे मान्य. त्या वेळी मूल एकटं असतं, शेजारी विचारायला कुणी नसतं. फक्त हा नियम मोठ्यांनाही लावा. आमच्या बहिणाबाईंचा फोन उशीखाली असतो.

मेसेज ऐकून झाल्यावर भाच्याने मला लिहिलं, “मावशी, समजा एखाद्याने घरी सांगितलं, तर फोन किती दिवस जातो?” मी लगेच फोन लावला. त्याचं तसं काही नव्हतं. पण आईचं वाचन संपायच्या आत त्याने हिशेब मांडून ठेवला होता.

बहिणीने तो मेसेज ग्रुपवरून काढलाय. ‘किती दिवस’चं उत्तर मात्र तिने त्याला अजून दिलेलं नाही.