मुशर्रफ यांची आणीबाणी बेनझीर यांच्या हत्येनंतरची नव्हे

'बेनझीर भुट्टो यांच्या हत्येनंतर दंगली आवरायला मुशर्रफ यांनी पाकिस्तानात आणीबाणी लावली' असा मेसेज सध्या फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. क्रम उलटा आहे.

आणीबाणी जाहीर झाली ३ नोव्हेंबर २००७ रोजी, शनिवारी. ती १५ डिसेंबरला उठली. बेनझीर यांची हत्या रावळपिंडीच्या लियाकत बागेबाहेर झाली, ती २७ डिसेंबरला. म्हणजे आणीबाणी उठून बारा दिवस झाले होते.

घोषणेचा मूळ मजकूर काढून वाचला. त्यात कारण म्हणून दहशतवादाबरोबर न्यायाधीशांवरही ठपका आहे. तेव्हा दोन्ही पदं मुशर्रफ यांच्याकडेच होती, पण खाली त्यांची सही राष्ट्राध्यक्ष म्हणून नाही, लष्करप्रमुख म्हणून! राज्यघटना स्थगित झाली, सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांना हटवलं. मुशर्रफ यांच्या फेरनिवडीच्या वैधतेचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयासमोर होता, हे मेसेजमध्ये येतच नाही. मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नजरकैद सोसलेल्या न्यायाधीशांची आणि त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरून लाठ्या खाल्लेल्या वकिलांची आठवणच त्यातून पुसली जाते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर या तारखा टाका.