लिंबू, काका आणि हँडब्रेक

खंडेनवमीला हौसेने गाडी धुतली, चाकांच्या आत पाइप घालून घालून धुतली, झेंडूचा हार घातला, हँडब्रेक ओढला आणि आम्ही गावी गेलो. आठ दिवसांनी, म्हणजे आज सकाळी, ऑफिसला निघताना गाडी जागची हलेना. इंजिन चालू, फर्स्ट गिअर टाकलेला, हँडब्रेक खाली, तरी गाडी मागून नुसती बसकण मारतेय, आंघोळीला नको म्हणणाऱ्या पोरासारखी.

तेवढ्यात बी विंगचे काका आले. बनियन, हातात दुधाची पिशवी.

"हँडब्रेक काढलास का?"

"काढला काका."

"नीट बघ."

बघितलं. दोनदा. मग काकांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाले, "पूजेला चाकाखाली लिंबू ठेवलं होतंस?"

"नाही."

"मग नजर लागलीय." आणि खरोखर घरी जाऊन लिंबू घेऊन आले, पुढच्या चाकाखाली ठेवलं. "आता चिरड."

"काका, चिरडायला गाडी हलायला नको का?"

"आधी चिरड, मग हलेल."

यावर काय बोलणार! तोवर वॉचमन, पेपरवाला आणि शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी चार पोरं जमली होती, आणि त्यातलं एक मोठ्याने म्हणालं, "अंकलना गाडी येत नाही वाटतं." अकरा वर्षं चालवतोय रे मी!

शेवटी गॅरेजचा पोरगा आला. त्याने सांगितलं ते असं: माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा आणि ब्रेक लावला की त्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लायनर. धुताना आत पाणी गेलं, ते सुकायच्या आत मी हँडब्रेक ओढून ओले लायनर ड्रमवर दाबून ठेवले, आत गंज धरला आणि लायनर जे चिकटले ते चिकटले. त्याने पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची चाकं काढली, ड्रमवर चारी बाजूंनी हातोडी ठोकली. सहाशे रुपये. "धुतल्यावर एक चक्कर मारायची ना साहेब, हळूहळू आठ-दहा वेळा ब्रेक दाबत, गरम होऊन सुकतात. मग सपाटीला गिअरमध्ये लावायची, चाकाला वीट लावायची, हँडब्रेक ओढायचाच नाही."

आता हे ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने का नाही सांगितलं? हँडब्रेक ओढ, हँडब्रेक ओढ म्हणून महिनाभर डोकं खाल्लं माझं. आणि खंडेनवमीला "हँडब्रेक ओढ रे, गाडी घरंगळेल" असं गॅलरीतून ओरडलं कोण? हेच काका! पार्किंग टेबलासारखं सपाट आहे आमचं. वर सोसायटीचा पाण्याचा नियमही मीच मोडला म्हणून परवा मीटिंगमध्ये माझं नाव निघणारच आहे, त्यांची नातवंडं रोज पाइपने सायकली धुतात ते चालतं.

असो. गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी सुटली आणि पच्चकन लिंबावरून गेली.

"बघ!" काका टाळी वाजवून ओरडले. गॅरेजवाला तिथेच काळ्या हातांनी उभा, त्याच्याकडे कुणी बघेना. वॉचमन तर चक्क काकांच्या पाया पडला.

मी गेटपर्यंत पोचलो तर मागून हाक आली, "अरे, संध्याकाळी येताना एक लिंबू आण हो, दहा रुपयाला एक झालंय!"