वीज मोबाइल शोधत येत नाही

वळवाचं आभाळ भरून आलं की गावच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: ‘मोबाइलच्या लहरी वीज खेचतात. गडगडायला लागलं की फोन स्विच ऑफ करा. शेतात एकाच्या खिशातला फोन फुटला, तो जागीच गेला. वीज पडलेल्याला हात लावू नका, करंट लागेल.’ पाठवणाऱ्याला काळजी असते, हे मान्य. पण हा मेसेज पाळणारा जास्त धोक्यात येतो.

लहरींचं बघू. मोबाइलच्या रेडिओलहरी फार क्षीण, त्यांनी हवेत विजेला वाट तयार होत नाही. वीज उंच, एकट्या उभ्या वस्तूवर उतरायला बघते. मोकळ्या रानात ती वस्तू म्हणजे झाड, नाहीतर आपण. खिशात फोन असो की तंबाखूची डबी, माणसाची उंची तेवढीच.

फुटलेला फोन? अंगावरून वीज जाताना साखळी, पँटची चेन, फोन असं वाटेत येईल ते जळतं. फोन जळाला तो वीज पडल्यामुळे. वायरच्या फोनची गोष्ट मात्र वेगळी. तारेतून वीज घरात येऊ शकते, म्हणून लँडलाइनवर किंवा चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलू नये.

आता ‘स्विच ऑफ’. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं ‘दामिनी’ अ‍ॅप केलंय. देशभरातले सेन्सर विजा टिपतात आणि तुमच्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात धोका असेल तर अ‍ॅप कळवतं. लोकेशन आणि नेट चालू हवं, एवढंच. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा तर साध्या एसएमएसनंही येतो, तोही मराठीत. बंद फोनवर यातलं काय पोहोचणार?

रानात रेंज नसते, हा आक्षेप मात्र खरा आहे. तिथे मोजावं. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. काम तिथंच टाकून पक्कं घर गाठायचं, किंवा काचा लावून चारचाकीत बसायचं. आंब्याखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

मेसेजची शेवटची ओळ, ‘हात लावू नका’, सगळ्यात घातकी. वीज पडलेल्याच्या अंगात करंट उरत नाही. त्याचं हृदय थांबलेलं असू शकतं, म्हणून श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला घ्यायची आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. त्यासाठीही फोन चालूच लागतो.