फक्त मटेरियलवरून फिटिंग ठरत नाही
दातावर बसवायची झिरकोनियाची (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) कॅप धातू-सिरॅमिकच्या (आत धातू, वर सिरॅमिक) कॅपपेक्षा नेहमीच चपखल बसते, असं एका लेखात सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. झिरकोनिया भट्टीत साधारण 20 ते 25 टक्के आकसतो, म्हणून तो आधी तेवढा मोठा कोरतात. हिशेब जरा चुकला की कडेला फट! शिवाय कॅपसाठी घासलेल्या दाताचा कोपरा टोकदार राहिला, तर कॅप कोरणाऱ्या मशीनच्या गोल टोकाला तो आकार जमत नाही, कॅप आतून जास्तीची खरवडली जाते आणि ती पोकळी सिमेंटनं भरावी लागते. 120 मायक्रॉनपर्यंतची (0.12 मिमी) फट चालते असं 1971 पासून धरतात खरं, पण सिमेंट झिजलं की नेमकी तिथेच कीड लागते. कॅप चिकटवण्याआधी डॉक्टर कडेवरून प्रोब (तपासणीची टोकदार सुई) फिरवतात. तो अडकला, तर कॅप कुठल्याही मटेरियलची असो, लॅबला परत पाठवायला सांगाच.